नदीकाठचा व्हिला घ्यायचाय? आधी ओहोटीला जाऊन बघा

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला कळलं ते असं, की मिस्टर पुढच्या वर्षी रिटायर होतायत, ठाण्यातला फ्लॅट आणि एक गाळा विकून तुम्ही गोव्यात शिवोलीच्या बाजूला शापोरा नदीकाठी गेटेड कम्युनिटीत चार बेडरूमचा व्हिला बघून ठेवलाय, पहिली रांग, पाण्यापासून पंचवीस पावलं, स्वतःचा पूल, कॉमन जेट्टी, क्लबहाउस, आणि सेल्सवाला म्हणतो की मेंटेनन्सची काही कटकट नाही, सगळं सोसायटी बघते. तुम्ही विचारलंय की भाव बरोबर आहे का, मेंटेनन्स खरंच किती येतो, खाऱ्या हवेत सामान टिकतं का, आणि शेवटी जाता जाता आईचं सागवानी कपाट आणि मिस्टरांची वाजवायची पेटी आणावी का.

भावाचं मी काही बोलणार नाही, तो माझा धंदा नाही. मी डिप्लोमा सिव्हिल, इथल्या बार्देश तालुक्यातलाच, गेली एकवीस वर्षं पाण्याकाठची घरं सांभाळतो, नेरुल, वेरे, शिवोली, कामुर्ली, दोन घरं दोनापावलला. सांभाळतो म्हणजे मालक मुंबई-दिल्लीला असतात आणि मी आणि माझी पाच पोरं पावसाआधी घर झाकतो, पावसानंतर उघडतो, मधे जे मोडेल ते दुरुस्त करतो. त्यामुळे तुमचा खरा प्रश्न मला वेगळाच दिसतो. जुलैमध्ये, दोघंच असताना, ते घर तुम्हाला झेपेल का, आणि ज्या पंचवीस पावलांचे तुम्ही जास्तीचे पैसे मोजताय त्या पावलांवर कागदोपत्री तुमचा हक्क किती.

आता हे बरंचसं जागेवर अवलंबून आहे, आधीच सांगतो. समोर उघडा समुद्र असेल तर वेगळं, नदी असेल तर वेगळं, नदीतसुद्धा मुखाजवळ वेगळं आणि चार किलोमीटर आत वेगळं. बाराही महिने राहणार असाल तर घर निम्मं आपोआप टिकतं, रोज खिडक्या उघडतात, पंखे फिरतात. बंद घर लवकर मरतं.

पहिली गोष्ट, साइट तुम्ही किती वाजता बघितली? मी पैजेवर सांगतो, भरतीला. इथले एजंट तारीख देताना भरती बघूनच देतात, पाणी काठोकाठ, माड पाण्यात वाकलेले, फोटो झकास. उधाणाला आमच्याकडे भरती-ओहोटीत दोन मीटरच्या आसपास फरक पडतो, म्हणजे तेच पाणी सहा तासांनी मागे जातं आणि समोर उरतो काळा चिखल, त्यात खेकड्यांची बिळं, अडकलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या आणि एक वास. मला तो वास आवडतो, लहानपणापासूनचा आहे, पण क्लबहाउसमध्ये कॉफी पिणाऱ्या पाहुण्याला आवडेल का माहीत नाही. आपल्याकडचा जुना हिशेब तुम्हाला माहीत असेल, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमा-अमावास्येला साधारण दुपारी. हा हिशेब मुंबईकडे जास्त जुळतो, गोव्यात भरती त्याआधीच येते, आणि नदीत आत शिरायला तिला पुन्हा वेळ लागतो, पण अंदाजाला पुरतं, नाहीतर मोबाइलवर मुरगाव बंदराचं टाइमटेबल मिळतं. तर अमावास्येच्या संध्याकाळी पाचच्या सुमारास जा. एजंटला न सांगता जा. तासभर जेट्टीवर बसा, मच्छरही कळतील.

तिथेच काठावर बघा खारफुटीची रोपं आलीत का. गुडघाभर असतील तर आज कोणी लक्ष देत नाही. पण ती वाढतात, आणि ती तोडता येत नाहीत, फांदीसुद्धा छाटता येत नाही. माझ्या एका क्लायंटने नदीच्या व्ह्यूसाठी अख्खी काचेची भिंत केली होती, आता सात वर्षांनी त्या काचेतून हिरवं रान दिसतं, पाणी फक्त आवाजाने कळतं. तो मला विचारतो काही करता येईल का, मी म्हणतो वरच्या मजल्यावर बसा. मला विचाराल तर ती झाडं घराच्या भल्याचीच आहेत, काठ धरून ठेवतात, पण तुम्ही पैसे व्ह्यूचे मोजताय ना.

आता पाऊस. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर. शापोऱ्याचं पाणी वरून दोडामार्गाकडून येतं, तिळारी धरण भरलं आणि पाणी सोडलं की नदी फुगते, आणि त्याच वेळी खालून उधाणाची भरती असली तर पाण्याला जायला जागा राहत नाही. दरवेळी पूर येतोच असं नाही, पण काठच्या जमिनीत पाण्याची पातळी वर येते आणि याचा पहिला पत्ता कुठे लागतो माहितेय? खालच्या मजल्यावरच्या टॉयलेटमध्ये. फ्लश केलं की पाणी वर चढतं, गुडगुड करतं, आणि हळूहळू उतरतं. लोक प्लंबर बोलावतात, तो दोन हजार घेऊन जातो, तोवर ओहोटी लागलेली असते आणि सगळं सुरळीत होतं, मग पुढच्या पौर्णिमेला परत. पाइपमध्ये काही नसतंच, सोकपिट, म्हणजे सांडपाणी जिरवायचा खड्डा, जमिनीतल्या पाण्यात बुडालेला असतो. म्हणून विचारा की सांडपाणी सोकपिटला जातं की कॉमन एसटीपीला, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटला, एसटीपी असेल तर त्याची टाकी कुठल्या लेव्हलला आहे आणि लाइट गेल्यावर त्याचा पंप जनरेटरवर चालतो का. लाइट जाणारच.

पूलबद्दल एकच सांगतो. नेरुलच्या एका बंगल्यात मालकाने जुलैमध्ये फोनवरून माळ्याला सांगितलं पूल रिकामा करून घासून ठेव. माळ्याने केला. दोन दिवसांनी मी गेलो तर पूलची खोल बाजू वीतभर वर आलेली, टाइल्स फुटलेल्या, पाइप तुटलेले. खालून जमिनीतलं पाणी ढकलतं आणि आत वजन नसतं, मग रिकामा पूल होडीसारखा तरंगायला बघतो. पावसाळ्यात पूल भरलेलाच ठेवायचा, हे तुम्हाला कुठल्याच ब्रोशरमध्ये लिहिलेलं मिळणार नाही.

कागदांचं मी वकील नाही म्हणून मोजकंच, पण हे मोजकं फार महाग पडलेले लोक मी बघितलेत. सीआरझेड, म्हणजे पाण्याकाठी कुठे बांधता येतं त्याचे केंद्राचे नियम, पहिल्यांदा १९ फेब्रुवारी १९९१ ला आलं, मग २०११ चं नोटिफिकेशन, मग २०१९ चं. भरतीच्या नदीला हे बंधन २०११ मध्ये काठापासून १०० मीटर किंवा नदीची रुंदी, जे कमी असेल ते, आणि २०१९ मध्ये १०० चे ५० झाले. पण २०१९ चं लागू होतं ते त्यावर आधारलेला किनारी आराखडा राज्याला मंजूर झाल्यावर, त्यामुळे सेल्सवाला '५० मीटर फक्त' म्हणाला की विचारायचं, आमच्या सर्व्हे नंबरला आज कुठला आराखडा लागतो, नकाशावर भरतीची रेषा आखून दाखवा. तुम्ही पंचवीस पावलं म्हणता, म्हणजे पंधरा-वीस मीटर. तिथे नवं बांधकाम कसं उभं राहिलं हा पहिला प्रश्न आहे. 'जुन्या घराचं रिस्टोरेशन' म्हणत असतील तर ते घर १९९१ च्या आधीच्या सर्व्हे प्लॅनवर दिसायला हवं, तेवढ्याच जोत्यावर. परवानगी देणारी जीसीझेडएमए, म्हणजे गोव्याची किनारी क्षेत्र व्यवस्थापन अथॉरिटी आहे, पंचायतीचं लायसन्स म्हणजे तिची परवानगी नव्हे. जेट्टीला वेगळी परवानगी लागते, त्यात कॅप्टन ऑफ पोर्ट्स, म्हणजे बंदर खातंही येतं. सोसायटीच्या नावाने जेट्टीचा कागद नसेल तर उद्या ती काढायला लागू शकते, तिच्यावर पैसे लावू नका.

जमीन खाजन होती का तेही बघा. खाजन म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यातून काढलेली आमची जुनी शेतं, त्यांना मानस म्हणजे पाण्याचं दार असते, भरतीला तिची दारं पाण्याच्या दाबाने आपोआप बंद होतात, ओहोटीला उघडतात. सीआरझेडमध्ये गोव्यासाठी वेगळं कलमच आहे की खाजनावर बांधकाम नाही. तरी भराव टाकलेले प्लॉट विकायला येतात. ओळखायचं कसं, तर बाजूच्या प्लॉटपेक्षा तुमचा प्लॉट एकदम मीटरभर उंच आणि पलीकडे शेत किंवा मानस दिसली तर समजायचं. आणि भरावाखालची जमीन नुसती कायद्याने वाईट नाही, ती बसते पण.

बाकी सनद, सेटलमेंट झोन, एक-चौदाचा उतारा (आमचा सात-बारा), त्यावर कुळ किंवा मुंडकाराचं, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचं नाव, रेराचा नंबर, ऑक्युपन्सी, हे तुमचा वकील बघेलच, वकील गोव्यातलाच घ्या. झोन बदलून मिळाला असेल तर कधी आणि कुठल्या कलमाखाली ते विचारा, कारण गोव्याच्या नगरनियोजन कायद्याच्या कलम १७(२) खालचे नियम हायकोर्टाच्या गोवा खंडपीठाने मार्च २०२५ मध्ये रद्द केले. आणि आमच्याकडे पोर्तुगीज सिव्हिल कोडमुळे नवरा-बायकोची मालमत्ता धरून चालताना अर्धी-अर्धी असते, विकणाऱ्याच्या बायकोची सही नसेल, किंवा लिस्बनमध्ये एखादा भाऊ असेल ज्याचं नाव वारसांच्या इन्व्हेंटरीत घालायचं राहिलंय, तर तुमचा व्हिला कोर्टात जातो आणि तुम्ही ठाण्यात भाड्याने.

आता माझ्या आवडीचा विषय, गंज. तुम्ही व्हिला बघायला जाल तेव्हा इटालियन मार्बलकडे बघू नका, एक स्क्रूड्रायव्हर घेऊन जा. बाहेरच्या बाल्कनीच्या बीमला खालून मुठीच्या बाजूने ठोका. टणटण आवाज आला तर ठीक, बद्द आला तर आत सळई गंजून फुगलीय आणि काँक्रीट सुटायला लागलंय. सळईवर काँक्रीटचं कव्हर किती हे सगळ्यात महत्त्वाचं. काँक्रीटच्या भारतीय मानकात, आयएस ४५६ मध्ये, किनारपट्टीच्या हवेला ४५ मिलिमीटर कव्हर आणि एम-३० काँक्रीट सांगितलंय, लाटांचा तुषार थेट लागत असेल तर ५० आणि एम-३५. कागदावर सगळे हेच लिहितात. साइटवर कव्हर ब्लॉक घसरतात, मिस्त्री सळईवर उभा राहतो, आणि वीस मिलिमीटर उरतं. नवीन घरात हे पाच-सहा वर्षं दिसत नाही, तोवर बिल्डरची जबाबदारी संपलेली असते. रेराप्रमाणे स्ट्रक्चरच्या दोषाची जबाबदारी ताबा दिल्यापासून पाच वर्षं असते, त्यामुळे चौथ्या वर्षाच्या शेवटी एकदा कोणाकडून तरी सगळे बीम ठोकून घ्या.

भिंतीचं जोतं बघा, खाली हातभर उंचीपर्यंत पांढरी पावडर, म्हणजे लोणा. चिऱ्याच्या भिंतीतून खारं पाणी वर चढतं आणि वाळताना मीठ सोडतं. त्यावर महागडा प्लास्टिक पेंट मारला की अजून वाईट, भिंत श्वास घेत नाही, रंग पापडासारखा सुटतो. आमच्या जुन्या घरांना चुना होता, दरवर्षी चतुर्थीच्या आधी मारायचा, त्याला अक्कल होती.

स्टीलमध्ये ३०४ आणि ३१६ असे दोन प्रकार येतात, दिसायला सेम. ३०४ ला नदीमुखाजवळ दुसऱ्याच पावसात चहाचे डाग पडल्यासारखं होतं, रेलिंग, बिजागऱ्या, नळ, सगळं ३१६ मागायचं, आणि स्क्रूसुद्धा. रेलिंग ३१६ आणि स्क्रू साधे असं इतक्यांदा बघितलंय की हसू येतं. एसीचं बाहेरचं युनिट, त्याच्या जाळीवर बोट फिरवा. पाण्यासमोरच्या एका घरात तिसऱ्या वर्षी मी असं बोट फिरवलं तर पत्र्या राखेसारख्या हातात आल्या. माझा अनुभव असा की उघड्या समुद्रासमोर तीन-चार वर्षं, नदीकाठी पाच-सहा, म्हापशात दहा. युनिट पश्चिमेच्या भिंतीवर लावायचं नाही आणि पंधरा दिवसांनी गोड्या पाण्याने धुवायचं. एवढं केलं तरी दीड-दोन वर्षं जास्त मिळतात. गोडं पाणी म्हणजे नळाचं, विहीर किंवा बोअर काठावर एप्रिल-मेमध्ये मचूळ होते, त्याने धुतलं तर उलटंच. आणि नेमकं तेव्हाच बार्देशात नळाला पाणी कमी असतं, टँकर मागवावा लागतो, त्याचा हिशेब मेंटेनन्समध्ये धरलाय का विचारा.

पावसाआधी आम्ही पश्चिमेचा व्हरांडा झाकतो. पूर्वी माडाच्या चुडत्यांची विणलेली झापं लावायचे, आता बहुतेक ताडपत्री किंवा पत्रे. तुमच्या कम्युनिटीत एलिव्हेशन बिघडतं म्हणून झाकायला बंदी असेल. एका ठिकाणी होती. तिथल्या सगळ्या फ्रेंच विंडो चौथ्या वर्षी बदलल्या.

मेंटेनन्सचा आकडा तुम्ही विचारलाय. पूल, बाग, घरकामाची एक बाई, लाइट, पेस्ट कंट्रोल, आणि वर्षाची रंग-डागडुजी महिन्यावर वाटून, चार बेडरूमच्या पहिल्या रांगेतल्या घराला माझ्या क्लायंट लोकांचे महिन्याला लाख-सव्वा लाख जातात, सोसायटीचं वेगळं. नदीपासून शंभर मीटर वर त्याच आकाराच्या घराला साठ-सत्तर. हे माझ्या वहीतले आकडे, तुमच्याकडे कमी-जास्त होतील. पण सोसायटीला एक प्रश्न लेखी विचारा, नदीकडची भिंत ढासळली तर कोण बांधणार, पहिल्या रांगेचे मालक की सगळे? ती परवानगी घेऊन बांधलीय का? एका ठिकाणी मागच्या रांगेवाले म्हणाले व्ह्यू तुमचा तर भिंत पण तुमची, तीन पावसाळे तेच भांडण चाललंय आणि भिंत दरवर्षी थोडी थोडी नदीत जातेय.

आणि शेजार. जुलैत रात्री आठ वाजता गेटवर उभं राहून दिवे मोजा. अठरा घरांच्या एका कम्युनिटीत मी मोजले होते, तीन, त्यातला एक वॉचमनचा. डिसेंबरात अठराच्या अठरा, पण त्यातले निम्मे भाड्याने दिलेले, रोज नवीन माणसं, रात्री दीडपर्यंत गाणी. पर्यटन खात्याकडे नोंदणी केल्याशिवाय असं भाड्याने देता येत नाही, पण तक्रार कोण करणार, शेजारी मुंबईला. वयाच्या साठीत हे महत्त्वाचं आहे ताई, रात्री छातीत दुखलं तर म्हापशाचं जिल्हा हॉस्पिटल किंवा बांबोळीचं जीएमसी, आणि गाडी चालवायला कोणीतरी जागं हवं.

शिवाय गेट लावलं की गाव बाहेर राहतं. सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, भोंगा वाजवत येतो, त्याला आत सोडत नाहीत, मग आतले लोक पाव अ‍ॅपवरून मागवतात. किनारा काही कोणाचा खासगी नसतो, होडीवाले येणार, जाळी टाकणार, सांजावला, म्हणजे सेंट जॉनच्या सणाला, २४ जूनला शिवोलीत सजवलेल्या होड्या आणि गाणी येणारच. ज्यांना ते आवडतं त्यांचं इथे छान चालतं.

मग मी काय करेन? तुमच्या जागी मी टोकन देणार नाही. जून ते सप्टेंबर त्याच गावात, शक्यतो त्याच कम्युनिटीत, भाड्याने राहीन. पावसात भाडं निम्म्यावर येतं, मालक खूश होऊन देतात, घर उघडं राहतं म्हणून. चार महिन्यांत टॉयलेट, लाइट, शेजारी, मच्छर, सगळं कळेल, आणि मिस्टर रिटायर झाल्यावर दिवसभर घरात कसे वाटतात तेही, ते वेगळंच. त्यानंतरही हौस राहिली तर पहिली रांग सोडून उताराच्या बाजूचं, दहा-पंधरा मीटर उंचीवरचं घर बघा. वरून नदी जास्त दिसते, ओहोटीचा वास येत नाही, सीआरझेडची भीती कमी, एसी जास्त टिकतो. जेट्टीपर्यंत पाच मिनिटं चालावं लागेल. एवढंच. बिल्डर म्हणेल वरची घरं 'प्रीमियम' नाहीत, मी तर वरच घेतलं असतं.

राहिलं कपाट आणि पेटी. सागवान आणा, निर्धास्त आणा, भिंतीला चिकटवू नका, चार बोटं जागा सोडा. प्लायवूडचं काही आणू नका, पाठीमागून बुरशी येते आणि दोन पावसात फुगतं. पेटीचं जरा जपून, तिचे सूर पितळेचे, हिरवट होतात, भात्याच्या कातड्याला बुरशी लागते. आमच्याकडे कपाटात खाली एक झिरोचा बल्ब लावून ठेवतात पावसाळाभर, तेवढ्या उबेने आत ओल धरत नाही, पेटी त्याच कपाटात वरच्या फळीवर ठेवा आणि रोज पंधरा मिनिटं वाजवा, न वाजवलेली पेटी लवकर बिघडते. वाजवायला माणसंही मिळतील, श्रावणात देवळात भजनी सप्ताह बसतो आणि पेटीवाला नेहमी कमी पडतो. फक्त गेटवर सिक्युरिटीला सांगून ठेवा, बोलवायला आलेल्याला परत पाठवतील.